गायकांचा सोबती, ‘लिअर’चा संगीतकार

महोदय,

जर्मन ऑपेरा म्हटले की आपल्याकडे गाडी वाग्नरवर येऊन थांबते. १३ मार्च २०२४ रोजी बर्लिनमध्ये जर्मन संगीतकार आरिबर्ट राइमान गेले, त्याची मराठीत फारशी दखल घेतली गेली नाही. म्हणून हे पत्र.

राइमान यांचा जन्म १९३६ चा, बर्लिनचाच. वडील चर्चमधले संगीतकार, आई गायिका. बोरिस ब्लाखर यांच्याकडे ते रचना शिकले. पण त्यांची खरी तालीम झाली ती गायकांना पियानोची साथ करताना, असे मला वाटते. प्रख्यात गायक डीट्रिश फिशर-डीस्काउ यांचे ते साथीदार. फिशर-डीस्काउ यांनीच राइमान यांच्यामागे शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’वर ऑपेरा लिहिण्याचा लकडा लावला. इटालियन ऑपेराकार वेर्दी आयुष्यभर या विषयाभोवती घुटमळले, पण तो ऑपेरा काही त्यांच्या हातून झाला नाही!

९ जुलै १९७८ ला म्युनिकमध्ये राइमान यांचा ‘लिअर’ रंगमंचावर आला, शीर्षक भूमिकेत फिशर-डीस्काउ. वादळाच्या प्रवेशात वाद्यवृंद अक्षरशः अंगावर येतो. विदूषक मात्र गात नाही, बोलतो. वेड्याचे सोंग घेतलेला एडगर पुरुष असूनही उंच, स्त्रीसदृश पट्टीत गातो. पहिल्यांदा ऐकताना कान किटतात, हे खरे. तरीही हा ऑपेरा अनेक देशांत पुन्हापुन्हा होतो. पुढे राइमान यांचा ‘मेडेआ’ हा ऑपेरा २०१० मध्ये व्हिएन्नात झाला.

‘किंग लिअर’शी नाते सांगणाऱ्या ‘नटसम्राट’वर जीव टाकणाऱ्या रसिकांसाठी आपल्या रविवार पुरवणीत राइमान यांच्यावर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

— एक वाचक, पुणे