बेलपाड्याच्या मामांना, नळीतून परत आणल्याबद्दल

मामा, नमस्कार.

दोन वर्षं झाली, पत्र लिहीन लिहीन म्हणत होतो. तुमचा पुतण्या मोबाईलवर वाचून दाखवेल म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितोय. नाव घालत नाही. "नाव कशाला, मामा म्हण," असं तुम्हीच म्हणाला होतात.

तुम्हाला मी आठवतो का, कोण जाणे. डोंबिवलीचा, पन्नाशीचा, बँकेतला. नवंकोरं केशरी हेल्मेट घातलेला. डिसेंबरात आम्ही अकरा जण नळीच्या वाटेने, म्हणजे धोंड्यांनी भरलेल्या अरुंद घळीतून, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर चढायला आलो होतो. खरं सांगायचं तर मला नळी चढायची नव्हती, 'नळी केली' असं म्हणायचं होतं. आमच्या ट्रेकिंगवाल्यांत चार लोक जमले की आधी अवघड किल्ल्यांचा हिशेब होतो. हरिहर झाला? अलंग-मदन-कुलंग झालं? मग नळी तरी? ज्याचं यातलं काहीच झालेलं नसतं, तो गुपचूप चहा पितो. दहा वर्षं मी तो चहा पीत होतो.

नळीतले धोंडे चढेपर्यंत मी बरा होतो. टेबलाएवढे, मग टेम्पोएवढे दगड, एकावरून दुसऱ्यावर. दम लागत होता, पण मजाही येत होती. मग पहिला कातळटप्पा आला. फार उंच नव्हता. तुमचा पुतण्या चपलेवर चढून गेला आणि वरून दोर सोडला. माझी पाळी आली. कंबरेला दोर, हात खाचेत, उजवा पाय वर. डावा पाय उचलायचा होता आणि तो उचलेना. चुकून खाली बघितलं. नळी खालपर्यंत मोकळी दिसत होती. गुडघे लटलट कापायला लागले, तोंड कोरडं पडलं. खालून एक जण ओरडला, "काका, टीम थांबलीये!" दुसरा म्हणाला, "दोर आहे ना, पडणार नाही!" पडणार नाही हे मलाही कळत होतं. पायाला कळत नव्हतं.

तुम्ही ओरडला नाहीत. खालून माझी टाच धरून खाचेत बसवलीत आणि मला हळूहळू खाली घेतलंत. सावलीत बसवून पाण्याची बाटली पुढे केलीत. मला झाकण फिरवता येईना. बाटलीच हातातून सुटली आणि धोंड्यांवर टणटण आपटत खाली गेली. सगळे तिच्याकडे बघत होते. तुम्ही माझ्या बोटांकडे बघत होतात.

मग तुम्ही विचारलंत, "भाऊ, तुला कड्यावर जायचंय का नळीतनं जायचंय?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही वाटही बघितली नाहीत. बाकीच्यांना पुतण्याबरोबर पुढे पाठवलंत आणि मला घेऊन उतरायला लागलात. वाटेत मी तीनदा "सॉरी" म्हणालो, तुम्ही तीनदा विषय बदललात. घरी मामींनी भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. गाडी यायला संध्याकाळ होणार होती, म्हणून अंगणात बसून तुम्ही साधले घाटाचं सांगितलंत. कोकणकड्यावर जायला बेलपाड्यातूनच ती दुसरी वाट आहे. "आमची माणसं तिथनंच जातात, डोक्यावर ओझं घेऊन. नळीत कोण जाईल कामाला?"

हे मला आधी कुणी का सांगितलं नव्हतं, असा राग आला होता. आता वाटतं, सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

फेब्रुवारीत मी एकटाच आलो. तुम्ही हसलात आणि काठी उचललीत. इथे मला जरा तक्रार करायची आहे. मी समजत होतो, मामा म्हणजे दयाळू माणूस, थकलो म्हटलं की परत आणणार. घाटात घसाऱ्यावरून दोनदा पाय सरकला, ऊन चढलं, आणि मी म्हणालो, "मामा, मला भीती वाटतेय, फिरू या." तुम्ही मागे वळलात, पुन्हा माझ्या हातांकडे बघितलंत. मी बाटली उघडून पाणी पीत होतो, वर तुम्हाला माझ्या मुलीच्या ॲडमिशनचं सांगत होतो. तुम्ही म्हणालात, "ही भीती नाय. दमलास. बोलता येतंय ना? मग चाल." आणि चालू लागलात. चिडून का होईना, मीही आलो.

दुपार कलताना कड्यावर पोचलो. कडा आत वळलेला आहे हे फोटोत बघितलं होतं, पण काठावर पालथं पडून डोकं बाहेर काढल्यावर पोटात जे होतं ते फोटोत येत नाही. गंमत म्हणजे तिथे गुडघे कापले नाहीत. तुम्ही माझे घोटे धरले होते, म्हणूनही असेल. खाली बेलपाड्याची घरं काडेपेटीएवढी. वाऱ्याने माझा रुमाल खालून वर फेकला तेव्हा तुम्ही लहान मुलासारखे हसलात. १८३५ मध्ये कर्नल साईक्स या इंग्रज साहेबाला इथे गोल इंद्रधनुष्य, इंद्रवज्र दिसलं होतं, असं मी ऐटीत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "पावसात ये, मग बघू." तुम्हाला साहेबाचं कौतुक नव्हतंच.

तेव्हापासून मी घाटवाटांचा झालो, मामा. नाणेघाट तीनदा झाला. सातवाहनांच्या काळापासून, दोन हजार वर्षं कल्याणचा माल ज्या वाटेने जुन्नरला चढायचा ती वाट, वर जकातीचा दगडी रांजण, गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख. त्या रांजणाला टेकून डबा खाताना मला एकदाही वाटलं नाही की आपण कमी काहीतरी केलं. आहुपे घाट झाला. नाळी, दोर, शिड्या यांचं आमंत्रण आलं की मी सरळ सांगतो, "दृष्टिभय, म्हणजे खाली बघून पाय कापतील असं, असेल तर मी नाही. सहा तास चाल असेल तर सांगा." पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली होती. आता ग्रुपमधले दोघे माझ्याआधी सांगतात.

मात्र दमलो म्हणून फिरत नाही. आधी बाटलीचं झाकण उघडून बघतो.

आता कामाचं. माझ्या भाच्याला नळी चढायची आहे. चोवीस वर्षांचा आहे, कातळावर पालीसारखा चिकटतो आणि त्याला ते मनापासून आवडतं, मिरवायला नव्हे. जानेवारीत त्याला घेऊन येतोय. त्याला तुम्ही नळीतून न्या. मला पुतण्याबरोबर साधले घाटाने पाठवा. कड्यावर भेटू. पिठलं-भाकरीचं मी आधी पोचून सांगून ठेवीन, नाही पोचलो तर तुम्ही सांगा.

आणि पुतण्या म्हणत होता की माझी ती बाटली पावसाळ्यात खाली ओढ्यात सापडली आणि मामी तिच्यात तेल ठेवतात. ती परत देऊ नका. झाकण घट्ट लागतं ना अजून?

तुमचा,
डोंबिवलीचा भाऊ