हरकती मागवल्या, उत्तरे कुठे आहेत?

संपादक महोदय,

राज्य शासनाच्या नियमांचा मसुदा राजपत्रात येतो तेव्हा वरचा मजकूर ठरलेला असतो: अमुक तारखेस किंवा त्यानंतर शासन हा मसुदा विचारात घेईल आणि तोवर आलेल्या हरकती व सूचनांचा विचार केला जाईल. काही महिन्यांनी अंतिम अधिसूचना निघते. तिच्यात ‘प्राप्त हरकती व सूचना विचारात घेऊन’ एवढाच उल्लेख असतो. हरकती किती आल्या, कोणत्या मान्य झाल्या, कोणत्या फेटाळल्या आणि का, याचा पत्ता लागत नाही. हे बदलायला नवा कायदाही लागत नाही, म्हणून हे पत्र.

पूर्वप्रसिद्धीची, म्हणजे नियम करण्याआधी त्याचा मसुदा प्रसिद्ध करण्याची पद्धत सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट), १८९७ च्या कलम २३ मध्ये आहे. राज्याच्या १९०४ च्या अधिनियमातही तशीच तरतूद आहे. मसुदा प्रसिद्ध करा, तारीख द्या, हरकती विचारात घ्या, असे कायदा सांगतो. पण किती दिवस द्यायचे ते या कलमात नाही. शिवाय अंतिम नियम राजपत्रात आला की तो रीतसर केला गेल्याचा तो निर्णायक पुरावा ठरतो. विचार खरोखर झाला का, हे नंतर तपासणे त्यामुळे फार कठीण होते.

केंद्राने २०१४ मध्ये विधिपूर्व विचारविनिमयाचे, म्हणजे कायदा करण्याआधी लोकांचे मत घेण्याचे धोरण ठरवले. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, सोबत त्याची कारणे, आर्थिक भार, पर्यावरणावर, मूलभूत हक्कांवर आणि लोकांच्या उपजीविकेवर होणारा परिणाम सोप्या भाषेत द्यायचा आणि आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकायचा, असे त्यात आहे. मात्र ते धोरण आहे, कायदा नाही. ते पाळले नाही म्हणून कायदा रद्द होत नाही. कॉल ड्रॉपसाठी ग्राहकाला कॉलमागे १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३ रुपये देण्याचा ‘ट्राय’चा (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा) नियम सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला. त्याच निकालात, अशा विचारविनिमयासाठी संसदेने अमेरिकेच्या धर्तीवर कायदा करावा, असेही सुचवले.

नमुना मात्र अमेरिकेत शोधायची गरज नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा दरनिश्चितीचा कोणताही मोठा आदेश उघडून पाहा. ग्राहकांचा आक्षेप, त्यावर महावितरणचे उत्तर आणि त्याखाली आयोगाचे मत, असे मुद्देवार छापलेले असते. आयोगाचा निर्णय पटेलच असे नाही. पण ग्राहक हरला तरी का हरला हे त्याला वाचता येते, आणि पुढच्या सुनावणीत तोच मुद्दा जास्त नेमकेपणाने मांडता येतो. मंत्रालयातील विभागांना हे का जमू नये?

मसुदे निघतात तेच मुळी न वाचता येण्याजोगे. ‘नियम ४ च्या पोटनियम (२) मधील “सात दिवस” या मजकुराऐवजी “तीन दिवस” हा मजकूर दाखल करण्यात येईल’, एवढेच छापलेले असते. मूळ नियम शेजारी नसतो, म्हणून सात दिवस कशासाठी होते हेच समजत नाही. कधी स्कॅन केलेली, शब्द शोधता न येणारी पीडीएफ असते. मुदत राजपत्राच्या तारखेपासून मोजली जाते आणि मसुदा संकेतस्थळावर उशिरा चढतो. तीस दिवसांतले हातात किती उरतात?

परिणामांचा अंदाज हा त्याहून मोठा खड्डा आहे. समजा, छोट्या दुकानदारांनी दरमहा ऑनलाइन विवरणपत्र भरावे असा नियम आला. एकदा भरायला अर्धा तास धरला तरी वर्षाला सहा तास होतात, आणि दहा हजार दुकानदारांचे मिळून साठ हजार. ज्याला स्वतः जमत नाही तो सायबर कॅफेत दर वेळी पैसे मोजणार. विवरणपत्रे तपासायला कार्यालयात माणूस आहे का? तीच माहिती दुसऱ्या खात्याकडे आधीच नाही ना? आणि नियम केलाच नाही तर नेमके काय बिघडेल? एवढ्या प्रश्नांची उत्तरे दोन पानांत मावतात. ती लिहायला बसले की काही मसुदे तिथेच सुधारतील.

म्हणून शासनाने एक परिपत्रक काढावे. मसुदा मराठीत असावा आणि त्यासोबत जुना व नवा मजकूर समोरासमोर दाखवणारा तक्ता व दोन पानी परिणाम-टिपण जोडावे. मुदत संकेतस्थळावर मसुदा दिसू लागल्यापासून ३० दिवस असावी. आणि अंतिम अधिसूचनेच्या आधी, प्रत्येक मुद्द्यावर मान्य की अमान्य आणि का, हे सांगणारे निवेदन प्रसिद्ध व्हावे. एकच मुद्दा पाच हजार जणांनी मांडला असेल तर एकच उत्तर पुरे. पण एकट्याने मांडलेल्या योग्य मुद्द्यालाही उत्तर हवे. यातल्या निवेदनावर शासनाने मुळीच तडजोड करू नये.

तोवर वाचकांनी हरकत पाठवताना नियमाचा क्रमांक, आक्षेप असलेले शब्द, त्याऐवजी सुचवलेले शब्द आणि कारण, एवढे एका पानात लिहावे. ‘नियम जाचक आहे’ या वाक्यावर कोणताही कक्ष अधिकारी काही करू शकत नाही. पोच घ्यावी. अंतिम अधिसूचना आली की माहिती अधिकारात हरकतींवरील टिप्पणीची प्रत मागावी. महत्त्वाची धोरणे ठरवताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे आणि बाधितांना प्रशासकीय निर्णयांची कारणे देणे हे २००५ च्या त्या अधिनियमाच्या कलम ४ नुसार प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. अर्जात त्या कलमाचा उल्लेख जरूर करावा.

– एक वाचक, पुणे