आधी बहिणीच्या दारी जा

खानापूर

चि. बाळास,
प्रभू येशूच्या नावाने अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर कोर्टात जाऊ नये, हे बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय दाखवून मी ताईला समजवावे, असे तू लिहिले आहेस. तो अध्याय मी रात्री पुन्हा काढून वाचला. त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही, असे पौल सातव्या वचनात विचारतो आणि तू तेथेच थांबला आहेस. लगेच पुढच्या वचनात तो म्हणतो, की उलट तुम्हीच अन्याय करता, आणि तोही आपल्या भावांवर. सोसण्याचा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारायचा असतो. उतारा आपल्या नावावर करून घ्यायला निघालेल्या माणसाने तो दुसऱ्याला विचारावा, हे मला पटत नाही.

ताई अजून कोर्टात गेलेली नाही. जावयांनी बेळगावात एका वकिलांचा सल्ला तेवढा घेतला आहे. त्याचे कारण तुला ठाऊक आहे. तुझे बाबा गेल्यावर वारसा नोंदीसाठी तलाठ्याकडे द्यायची जी वंशावळ तू तयार केलीस, तिच्यात माझे नाव होते आणि तुझे होते. अर्ज कानडीत होता. मला कानडी बोलता येते, वाचता येत नाही, म्हणून सही करण्याआधी मी तो ताईलाच वाचायला दिला. तिने बाबांचे नाव वाचले, माझे वाचले, तुझे वाचले, कागद उलटून मागची बाजू पाहिली आणि घडी घालून माझ्या हातात परत दिला. तोंडातून शब्द काढला नाही. मी सही केली नाही.

लग्न झालेल्या मुलीचे नाव कशाला, असे तुला तेथे कोणी तरी सांगितले असेल. आपल्या भागात असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे आणि त्यात मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना समसमान, मुलगा-मुलगी हा भेद नाही. म्हणजे घर आणि भाताचे शेत यांचे सरळ तीन सारखे हिस्से होतात. तिच्या लग्नात बाबांनी खर्च केला, तो तिचा वाटा झाला, हा तुझा मुद्दाही टिकत नाही. बापाने हयातीत मुलांच्या भल्यासाठी जे दिले ते वाटणीत धरायचे नाही, असे त्याच कायद्याचे ४९ वे कलम सांगते. धरायचेच म्हटले, तर तुझ्या इंजिनिअरिंगची फी आधी मांडावी लागेल. आणि कायदा बाजूला ठेवला तरी सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचे वतन मागतात आणि परमेश्वर त्यांचे म्हणणे रास्त ठरवतो, हा बायबलच्या गणना पुस्तकातला भाग तू संडेस्कूलमध्ये शिकला आहेस.

मला खरे म्हणजे हिश्शापेक्षा दुसऱ्याच गोष्टीविषयी लिहायचे आहे. हे प्रकरण सुरू झाल्यापासून तू मामांना फोन केलास, चुलत भावांना सांगितलेस, पाळकसाहेबांनाही ताईची समजूत घालण्याची विनंती केलीस आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकलास. ताईला मात्र एकदाही फोन केला नाहीस. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने याचा क्रम घालून दिला आहे: भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे जा आणि दोघेच असताना त्याला सांग, ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घे, तरीही नाही, तर मंडळीला कळव. तू शेवटून सुरुवात केलीस. गावभर झालेली गोष्ट मागे घेणे दोघांनाही जड जाते, कारण मग प्रश्न जमिनीचा राहत नाही, चारचौघांत कोण नमले याचा होतो.

तू म्हणशील, अपराध तिचा आहे, तिने यावे. मग मत्तयाचाच पाचवा अध्याय काढ. वेदीजवळ अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, असे तेथे सांगितले आहे. एका ठिकाणी दुखावलेल्याला जा म्हटले आहे, दुसऱ्या ठिकाणी ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला. तेव्हा तू स्वतःला कोणत्याही बाजूला धरलेस तरी उठून जायचे तुलाच आहे. हे मी ताईलाही सांगितले आहे. ती यायला तयार होती, पण आधी तुझी वाट पाहायला मीच सांगितले, कारण अर्ज तू केला होतास.

मी वाटणी करून द्यावी, असे तुम्हा दोघांनाही वाटते. ते मी करणार नाही. माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, असे गर्दीतून एक जण म्हणाला तेव्हा प्रभूने न्यायाधीश व्हायला नकार दिला आणि लगेच लोभाविषयी सावध केले. तो इशारा वाटा मागणाऱ्यालाच होता, असे आपल्याकडे बहुतेक जण धरून चालतात. मला तो धरून ठेवणाऱ्यालाही तितकाच लागू वाटतो. माझ्या तिसऱ्या हिश्शाचे काय करायचे ते मी ठरवीन, आणि तो कोणाच्या बाजूने टाकून तुमचा वाद मिटवणार नाही.

क्षमा मागितली की झाले, असेही समजू नकोस. जकातदार जक्कयाने प्रभूचे आपल्या घरी स्वागत केले तेव्हा कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करीन, असे तो उभा राहून म्हणाला. तुला चौपट काही द्यायचे नाही. वंशावळ नव्याने करून तिच्यात तिचे नाव घालायचे आहे, एवढेच. त्यानंतर तिने शेत घ्यायचे की पैसे, घर विकायचे की तू तिचा हिस्सा विकत घ्यायचा, यावर तुम्ही भांडा, घासाघीस करा. त्याला माझी हरकत नाही. ठरेल त्याचे वाटणीपत्र सब-रजिस्ट्रारकडे रीतसर नोंदवायचे, तोंडी काही ठेवायचे नाही. तुमचे जुळलेच नाही, तर मामा आणि पाळकसाहेब यांना मी स्वतः बसवीन आणि त्यानंतरही नाहीच, तर लोक अदालतीत तडजोड नोंदवता येते. तिला कोर्टाची फी नाही आणि तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. पण ते सगळे नंतरचे.

या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी तुला सुट्टी असेल. पुण्याहून थेट टिळकवाडीत तिच्याकडे उतर, इकडे आधी येऊ नकोस. सूनबाईंना या वेळी आणू नकोस आणि जावयांनाही मी बाहेर जायला सांगते. त्यांना वाईट वाटायचे कारण नाही. ग्रुपवर टाकलेला मजकूर निघण्याआधी काढून टाक. घराचे मूळ खरेदीखत तुझ्याकडेच आहे, ते बरोबर आण. त्याची झेरॉक्स चालणार नाही, असे सब-रजिस्ट्रार कचेरीतल्या माणसाने सांगितले आहे.

तुझी,
आई