होला ओळखूनच चाप ओढावा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत टेक्सासमधल्या होल्यांच्या शिकारीवर लेख आला. तिकडे राहणारे मराठी वाचक तो वाचून बंदूक हाती घेतील, म्हणून हे पत्र. 'या पक्ष्याला परवाना लागत नाही, वाटेल तेवढे मारा' असं लेखात म्हटलं आहे. सोबतच्या छायाचित्रात पक्षी मात्र भलताच आहे. या दोन्ही चुका वाचकाला महागात पडतील.

तिकडे ज्याला 'युरेशियन कॉलर्ड डव्ह' म्हणतात तो आपला कंठी होला. दख्खनच्या कोरड्या शिवारात बाभळीवर किंवा विजेच्या तारेवर बसून घुमतो तोच. अमेरिकेत तो उपरा. १९७० च्या दशकात बहामातल्या नासाऊमध्ये पिंजऱ्यातून काही होले सुटले, त्यांची पिल्लावळ १९८० च्या दशकात फ्लोरिडात पोचली आणि १९९५ मध्ये टेक्सासात पहिली नोंद झाली. मूळचा तिथला नसल्यामुळे स्थलांतरी पक्ष्यांच्या संघराज्यीय कायद्याचं संरक्षण त्याला नाही. म्हणून टेक्सासात त्याला हंगाम नाही आणि संख्येची मर्यादाही नाही. पण त्याच तारेवर मॉर्निंग डव्ह आणि व्हाइट-विंग्ड डव्ह हे तिथले मूळचे होले बसलेले असतात. त्यांना ठरलेला हंगाम आहे आणि दिवसाची मर्यादा सगळे मिळून १५ पक्ष्यांची. पुरवणीतल्या पक्ष्याच्या मिटलेल्या पंखाच्या कडेला पांढरी रेघ स्पष्ट दिसते, म्हणजे तो व्हाइट-विंग्ड. जुलै महिन्यात तो पाडला तर सरळ गुन्हा.

मानेमागची काळी कंठी उडत्या पक्ष्यावर दिसत नाही, तिच्यावर विसंबू नये. शेपूट पाहावी. मॉर्निंग डव्हची शेपूट लांब आणि टोकदार, कंठी होल्याची रुंद आणि टोकाला सपाट. तो डोक्यावरून जाताना शेपटीची खालची बाजू दिसते: बुडाशी काळी, पुढचा अर्धा भाग पांढरा. अंगाचा रंग राखट फिका, पंखांची टोकं गडद. वजन साधारण २०० ग्रॅम, मॉर्निंग डव्हचं १२० च्या आसपास. घुमणं तीन तुकड्यांचं, मधला लांब: कु-कूऽऽ-कु. शंका आली तर बार करू नये.

या मोठ्या अंगामुळेच अंतराचा अंदाजही चुकतो. लहान होल्याची सवय झालेल्या डोळ्याला कंठी होला जवळ वाटतो. पंचेचाळीस मीटरवरच्या पक्ष्यावर बार जातो, दोन-चार छर्रे लागतात आणि जखमी पक्षी झुडपात जाऊन मरतो. उभं राहायच्या जागेपासून २५ आणि ३५ मीटरवर एकेक खूण आधीच मोजून ठेवावी आणि दुसऱ्या खुणेपलीकडचा पक्षी सोडून द्यावा.

शेजारशेजार नळ्यांच्या दुनळीचं लेखकानं कौतुक केलं आहे. ते मनापासून पटलं, पण तिचा खरा गुण लेखात आलाच नाही. जुन्या धाटणीच्या दुनळीला दोन चाप असतात. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. उजवीचा चोक (छर्र्यांचा फवारा आवळणारं नळीचं निमुळतं तोंड) मोकळा, डावीचा आवळ. पक्षी दूर जात असेल तर आधी पुढचा चाप, मग मागचा. समोरून अंगावर येत असेल तर क्रम उलटा: लांब असताना आवळ नळी, जवळ आल्यावर मोकळी. ही निवड क्षणात बोटानं करता येते. नवख्याचं बोट मात्र पुढच्याच चापावर राहतं, तो तोच पुन्हा ओढतो आणि काडतूस फुसकं निघालं असं समजतो. घरी स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घालून पन्नास-शंभर वेळा बोट मागे सरकवायचा सराव केला की हे सुटतं. सरळ दस्त्यावर हातही सहज मागे येतो.

शेतावर जाण्याआधी दोन्ही नळ्या कागदावर तपासाव्यात. ३६ मीटरवर ७५ सेंटीमीटरचं वर्तुळ आखून प्रत्येक नळीचे तीन-चार बार घ्यावेत. साडेसात नंबरच्या २८ ग्रॅमच्या काडतुसात साधारण ३५० छर्रे असतात. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर या मोकळ्या चोकनं निम्मे, मॉडिफाइड या मध्यम चोकनं साठ टक्के वर्तुळात यायला हवेत. दोन नळ्यांचे मध्य एकमेकांपासून दूर पडत असतील तर बंदूक कारागिराकडे न्यावी, नेम बदलून भागत नाही. दोन्ही नळ्यांना फुल, म्हणजे अगदी आवळ, चोक असलेली जुनी दुनळी वीस मीटरवर पक्ष्याच्या चिंध्या करते, खाण्याजोगं काही उरत नाही.

काडतुसांबद्दल लेखात अवाक्षर नाही आणि जीव जातो तो इथेच. आजोबांच्या काळातल्या कित्येक दुनळ्यांचा चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) ६५ मिलिमीटरचा असतो. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. चेंबर मोजून घ्यावा. अशा नळ्यांतून स्टीलचे छर्रे उडवू नयेत. बारा आणि वीस बोअरची काडतुसं एका खिशात कधीही ठेवू नयेत. वीसचं काडतूस बारापेक्षा बारीक, ते बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, नळी रिकामी वाटते, माणूस मागून बाराचं भरतो आणि चाप ओढतो. नळी फाटते ती नेमकी डाव्या हाताखाली. वीसची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. नुसता रंग पाहून थांबू नये, भरण्यासाठी बंदूक उघडली की प्रत्येक वेळी दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का ते बघावं.

कंठी होला जमतो तो गुरांच्या चाऱ्यापाशी आणि धान्याच्या कोठारांपाशी. मूळच्या होल्यांसाठी अशी जागा, भर हंगामातसुद्धा, आमिष टाकलेली, म्हणजे शिकारीला मनाई असलेली, जागा धरली जाते. तिथे चुकून एक मॉर्निंग डव्ह पडला तरी संघराज्यीय कायदा मोडतो. मारलेल्या कंठी होल्याची पिसंही घरी पोचेपर्यंत काढू नयेत. सोललेला पक्षी कोणता हे गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) सांगता येत नाही, मग तो १५ च्या मोजणीत येऊ शकतो.

आणि परवाना. टेक्सासचं हंटिंग लायसन्स या पक्ष्यालाही लागतंच, जमीनमालकाची परवानगीही लागते. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचीही (शिकारीच्या प्रशिक्षणाची) अट आहे. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी तर हे नीट वाचावं: संघराज्यीय कायद्यानं त्यांना बंदूक बाळगायची मनाई आहे आणि तिला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. नवं घ्यायचं राहिलं तर १ सप्टेंबरला घरच्या कपाटातली बंदूकही बेकायदा ठरू शकते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं होल्याची शिकार हा गुन्हा आहे, ही ओळही लेखात हवी होती. कृपया परवान्याचं वाक्य आणि छायाचित्र, दोन्हींची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी.

– एक वाचक, सॅन अँटोनिओ, टेक्सास