अंधारात टांगलेली चित्रे

आमच्या धरमपेठेतल्या दोन-तीन गल्ल्यांत महिन्यातून एका संध्याकाळी चित्रे मांडली जातात. कुणाच्या पोर्चमध्ये, कुणाच्या कंपाउंडच्या भिंतीवर. गेल्या खेपेला नातीला घेऊन गेलो. चित्रे राहिली बाजूला, ती रमली एका लाकडी नंदीपाशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं चाकांचे नंदी ओढत नेतात, तसाच. कारागीर तिथेच बसून शिंगे रंगवत होता. ब्रश कसला, काडीला गुंडाळलेली चिंधी! ‘हात लावून पाहा जी, वाळला आहे रंग,’ म्हणाला. नातीच्या बोटाला हिरवा डाग लागलाच.

तक्रार आहे ती उजेडाची. कोपऱ्यावर अजब बंगल्याचे जलरंगातले चित्र होते. १८६३ सालचे आपले मध्यवर्ती संग्रहालय कागदावर कसे उतरले ते पाहावे, तर वरचा पथदिवा बंद. मोबाइलचा टॉर्च लावून तुकड्यातुकड्याने पाहिले. त्यात दुचाकीवाले हॉर्न वाजवत मधूनच घुसतात. दोन तास गल्ली वाहनांना बंद ठेवणे आणि दिवे लावणे संबंधितांना अवघड नसावे. आणि मे महिन्यात तरी सहाला सुरुवात नको. पारा ४५ अंशांपर्यंत जातो, सूर्य मावळला तरी भिंती तापलेल्याच असतात. आठनंतर ठेवा, म्हातारे लोकही येतील.

नंदी मात्र घरी आणला. त्याचे एक चाक जरा तिरके फिरते, पण नातीला तेच आवडते.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर