विश्वाच्या नकाशातील विसंगती आणि बातमीचा मथळा

संपादक महोदय,
सादर नमस्कार.

महास्फोटानंतरच्या काळापासून साऱ्या आकाशात भरून राहिलेल्या वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारणातील विसंगतींवरचा (अपेक्षेशी न जुळणाऱ्या खुणांवरचा) आपल्या विज्ञान पुरवणीतील लेख आवडला. मात्र महास्फोटाचा सिद्धान्त डळमळीत झाल्याचे सांगणारा त्याचा मथळा पटला नाही. २.७२५ केल्विन तापमानाच्या या प्रारणात दिशेनुसार साधारण लाखात एक भाग एवढाच चढउतार आहे आणि मतभेद आहेत ते या चढउतारांच्या मांडणीविषयी.

दक्षिण आकाशातील ‘शीत डाग’, म्हणजे सरासरीहून अधिक थंड भाग, २००४ मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या नोंदींत लक्षात आला. लेखाचा सारा भर त्याच्यावर आहे. आकारांच्या जोडणीचा अभ्यास करणाऱ्या टोपॉलॉजी या गणितशाखेच्या पद्धतीत मात्र एकाच डागाकडे न पाहता संपूर्ण नकाशाची घडण तपासली जाते. धरणातील पाणी ओसरू लागले की आधी टेकड्यांचे माथे बेटांसारखे वर येतात, मग ती बेटे जोडली जाऊन त्यांच्यामध्ये तळी अडकतात. तसाच तापमानाचा उंबरठा हळूहळू खाली आणत प्रत्येक पातळीवर उंबरठ्याहून उष्ण भागांची किती बेटे आणि त्यांत किती छिद्रे आहेत हे मोजायचे. ऑयलर अंक या गणिती मापात या दोन संख्यांची केवळ वजाबाकी उरते, त्यामुळे दोन्ही सारख्याच वाढल्या तर त्याला काहीच कळत नाही; बेट्टी संख्या त्या वेगवेगळ्या मोजतात, आणि हाच या पद्धतीचा खरा लाभ आहे. संशोधक प्रत्युष प्रणव व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्लांक उपग्रहाच्या नकाशांचे असे विश्लेषण प्रसिद्ध केले, तेव्हा आकाशातील काही अंशांच्या मोजपट्टीवर छिद्रांची संख्या विश्वाच्या प्रमाण प्रतिमानाशी (सध्या सर्वमान्य असलेल्या सैद्धान्तिक आराखड्याशी) जुळत नसल्याचे दिसले.

हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यायलाच हवा. परंतु तीन सिग्माची, म्हणजे प्रमाण विचलनाच्या तिप्पट, तफावत निव्वळ योगायोगाने सुमारे ३७० चाचण्यांत एकदा येते, आणि उंबरठे व मोजपट्ट्या बदलत अनेक चाचण्या केल्या की एखादी तशी निघणारच. शिवाय आकाशगंगेच्या प्रारणाने दूषित झालेला पट्टा झाकावा लागतो, त्याच्या कडांचा परिणाम मोजणीत शिरतो. आणि पडताळ्यासाठी दुसरे आकाशही उपलब्ध नाही.

सर्व दिशा सांख्यिकीदृष्ट्या समान आहेत का, हे तपासण्याची एक पद्धत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील अमीर हाजियन आणि तरुण सौरदीप यांनी २००३ मध्येच मांडली होती. मराठी दैनिकातील लेखात तिचा उल्लेख नसावा, याचे वाईट वाटते. पुढील लेखात तो यावा आणि प्रत्येक विसंगतीसोबत ती कोणत्या मोजपट्टीवर, किती चाचण्यांनंतर आढळली हेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे