संशोधनाची चौकशी संस्थेबाहेर व्हावी : केंद्रीय विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी किडनी ट्रान्सप्लांट झालेला रुग्ण आहे. किडनी आईची. शरीराने तिला परकी ठरवू नये म्हणून टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट जन्मभर घ्यायचे. या गोळ्या प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात, त्यामुळे इन्फेक्शनची धास्ती कायमची आणि खर्चही कायमचा. ‘गोळ्यांशिवाय टिकणारे ट्रान्सप्लांट’ अशी बातमी आली की आमच्या घरांत ती पुन्हा पुन्हा वाचली जाते. अशा दाव्यामागच्या नोंदी खऱ्या आहेत का, हे आपल्या देशात कोण पाहते?

अमेरिकी संशोधक विल्यम समरलिन यांचे प्रकरण आपल्याला ठाऊक असेल. काही आठवडे पोषकद्रवात ठेवलेली त्वचा परक्या शरीरातही टिकते, असा त्यांचा दावा होता. मार्च १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत, संचालक रॉबर्ट गुड यांच्याकडे उंदीर घेऊन जाताना, काळ्या उंदराच्या त्वचेचे कलम टिकले असे दिसावे म्हणून समरलिन यांनी पांढऱ्या उंदरांवरचे डाग पेनने काळे केले. प्रयोगशाळेतल्या सहायकाने अल्कोहोलने पुसले, तर शाई निघून आली.

त्याआधीची एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. समरलिन यांनी एक ससा दाखवला होता. त्याच्या डोळ्यांवर माणसाच्या कॉर्नियाचे (डोळ्याच्या पारदर्शक पडद्याचे) कलम केले आहे, असे सांगून. पाहणाऱ्यांत सर पीटर मेदावार होते. शरीराला परकी पेशी आपली मानायला शिकवता येते, हे १९५३ मध्ये सहकाऱ्यांसह उंदरांवर दाखवून देणारे आणि १९६० चे नोबेल मिळवणारे मेदावार. या सशावर कसलेही कलम झालेले नाही, हे त्यांना तिथेच जाणवले, तरी ते बोलले नाहीत. तेवढे धैर्य झाले नाही, असे पुढे त्यांनीच लिहिले आहे. नोबेल मिळालेल्या माणसाची ही गत, तर फेलोशिपवर दिवस काढणाऱ्या आपल्या विद्यार्थिनीने गाइडविरुद्ध तोंड कसे उघडावे?

दुसरे प्रकरण अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठातले, माकडांवरच्या किडनी ट्रान्सप्लांटचे. अशा प्रयोगात प्राण्याच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या काढाव्याच लागतात. एक जरी आत राहिली तरी प्राणी तिच्यावर जगतो, आणि बसवलेली किडनी चालली की बंद पडली हे त्याच्या जगण्यावरून सांगता येत नाही. शोधनिबंधांत दोन्ही काढल्याचे लिहिले होते. अनेक माकडांत एक तशीच होती. २००९ मध्ये संशोधनातले गैरप्रकार पाहणाऱ्या अमेरिकी सरकारच्या ऑफिस ऑफ रिसर्च इंटेग्रिटीने हे निष्कर्ष नावांसह जाहीर केले. एका संशोधकाला दहा वर्षे, दुसऱ्याला तीन वर्षे सरकारी निधीपासून दूर ठेवले गेले.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत, पण ते वाङ्मयचौर्यासाठी. मजकूर इतरांच्या लेखनाशी किती टक्के जुळतो हे सॉफ्टवेअरने पाहतात आणि त्यावर शिक्षा ठरते. स्वतःच्या शब्दांत लिहिलेला बनावट आकडा त्या सॉफ्टवेअरमधून सहज पार होतो. बाकीची चौकशी ज्या संस्थेची अब्रू पणाला लागलेली असते, बहुधा तीच करते.

भारतात बहुतेक किडन्या घरच्यांनीच दिलेल्या असतात. खोट्या नोंदींवर विसंबून कोणी गोळ्या कमी करण्याची चाचणी घेतली आणि रिजेक्शन झाले, म्हणजे शरीराने किडनी नाकारली, तर आईने दिलेली किडनी जाते. ती पुन्हा देऊ शकत नाही. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या संशोधकांवरचा विश्वासही त्याच वेळी उडतो, आणि आम्हाला त्यांची फार गरज आहे.

आपण संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचे पदसिद्ध उपाध्यक्ष आहात. निधी देतानाच अट घालता येईल : मूळ नोंदवह्या, प्राण्यांच्या शस्त्रक्रियांचे तपशील आणि रुग्णांचे क्रिएटिनिनचे (किडनी कशी चालते हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे) रिपोर्ट जपून ठेवायचे, मागितले की दाखवायचे. तक्रार आली तर चौकशी संस्थेबाहेरच्या, कायद्याने अधिकार मिळालेल्या कार्यालयाने करावी. आरोप खोटा ठरला तर तेही तितक्याच ठळकपणे जाहीर व्हावे. तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला दुसरा गाइड मिळावा आणि त्याची फेलोशिप त्या काळात थांबू नये. सुरुवात प्रत्यारोपणाच्या संशोधनापासून करावी, कारण इथे प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतचे अंतर फार थोडे आहे.

असे कार्यालय स्थापन करण्याबाबत मंत्रालयाची भूमिका लेखी कळवावी, ही विनंती.

आपला,
एक किडनी प्रत्यारोपित रुग्ण, पुणे